एकाला दोन

माझ्या दुकानात आठ वर्षं एक गृहस्थ काउंटरच्या बाहेरच्या बाजूला स्टुलावर बसून माझं गिऱ्हाईक परत पाठवत असत. ते माझे घरमालक होते, त्यामुळे त्यांना उठवता येत नसे.

गाव त्यांना आप्पा म्हणे. काही जण पाठीमागे दुसरं नाव घेत, ते पुढे येईल. आप्पा सरकारी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होते. शहाद्यापासून डोंगरापर्यंतच्या पट्ट्यात त्यांनी मोटारसायकलवर हिंडून ढोरांवर उपचार केले आणि निवृत्त झाल्यावर घराचा रस्त्याकडचा गाळा मला मेडिकलसाठी दिला. मी फार्मासिस्ट. परवाना माझ्या नावाचा, काचेत घालून भिंतीवर टांगलेला. आप्पांनी पहिल्याच दिवशी तो जवळ जाऊन वाचला, आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारली नाही. "ओ लायसन" एवढंच. माझी बायको त्यांच्या लेखी "लायसनबाई" झाली.

गाळा देताना त्यांनी करारात एक अट घातली. स्टॅम्पपेपर लिहिणारा हसला होता. अट अशी, की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन एका माणसाला दोनपेक्षा जास्त द्यायचं नाही. मी म्हणालो, "आप्पा, मी चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देतच नाही. डॉक्टरने पाच लिहिले तर?"

"डाक्टरले मन्हाकडे धाड."

अट का होती ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय आप्पा कळत नाहीत. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. माणसाला चालतं. पूर्वी ते बैला-म्हशींनाही सर्रास टोचत. पण टोचलेलं ढोर दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात आणि पक्षी मरतो. देशभर गिधाडं त्याने गेली. म्हणून सरकारने ढोरांसाठी ते बंद केलं. तरी लोक माणसांच्या औषधाची मोठी कुपी नेऊन ढोराला टोचत राहिले. मग सरकारने मोठी कुपीही बंद केली आणि तीन मिलीची, एका डोसाचीच काचेची अँप्युल ठेवली. हेतू हा, की बैलाला पुरेल एवढं औषध भरायला पाच-सहा अँप्युल फोडाव्या लागतील आणि माणूस कंटाळेल.

आमच्याकडचा माणूस अँप्युल फोडायला कंटाळत नाही, हे आप्पांना ठाऊक होतं.

"सरकारनी बंद करं," ते म्हणायचे, "पन सरकार तुन्हा काउंटरवर उभं शे का? उभा मी शे."

खरं म्हणजे ते बसलेले असत. गुडघे अधू होते. बाराही महिने पायांत काळे गमबूट, खिशात ढोरांचा थर्मामीटर, हातात उसाच्या कांड्यासारखी गाठींची काठी. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली की मी वाचण्याआधी आप्पांचा प्रश्न येई, "माणूसले का ढोरले?"

"माणूसलेच, आप्पा."

"कोनले?"

"मालेच. पाठ धरी लिधी."

"चालीसन दखाड बरं."

आणि तो माणूस, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना, माझ्या दुकानासमोरच्या डांबरी तुकड्यावर चालून दाखवी. आप्पा मान वाकडी करून त्याच्या पायांकडे बघत. बैल लंगडतो तेव्हा कोणत्या पायावर भार टाकायचं टाळतो ते बघायची त्यांची जी पद्धत, तीच इथेही. "डावी बाजू शे. दे त्याले दोन," असा निकाल होई. निदान बहुधा बरोबर येई. एकदा एका बाईला त्यांनी इंजेक्शन न घेता शहाद्याला पाठवलं, आणि तिच्या कंबरेचं दुखणं मुतखड्याचं निघालं. तेव्हापासून काही लोक नुसते चालून दाखवायलाच येऊ लागले. त्यांना काही विकत घ्यायचं नसे.

तापीकाठच्या एका बागायतदाराने एकदा दहा अँप्युलची चिठ्ठी आणली. आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"एक माणूस साठ किलोना. त्याले एक. तू दहा लई ऱ्हायना, म्हंजे सहाशे किलो. तितला तं तू दिखस नही."

"आप्पा, दहा दिवसनं शे ते."

"मंग दोन आज लई जा. परवा ये, चालीसन दखाड, आनखी दोन दिसू."

तो परवा आला नाही. त्या आठवड्यात त्याची म्हैस व्यायली होती आणि उठत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चिठ्ठी आणली त्याच संध्याकाळी आप्पांनी त्याच्या गोठ्यात जाऊन म्हशीला तिचं औषध दिलं, मेलॉक्सिकॅम. ते ढोराला लागू पडतं आणि गिधाडाला बाधत नाही. त्या माणसाने अपमान विसरावा म्हणून त्यांनी हे केलं नाही. म्हैस उठत नव्हती म्हणून केलं.

मी आकड्यांचा माणूस आहे. आप्पांची ती साठाची पट मला आवडली. पण माझा धंदा त्यांनी आवडण्यासारखा ठेवला होता असं नाही. गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानाकडे जाई. मी तक्रार केली तर आप्पा म्हणायचे, "तठे बी मी जास. मंगयवारले." आणि खरंच, मंगळवारी ते गावातल्या दुसऱ्या मेडिकलसमोर बसत. तो दुकानदार त्यांना चहा पाजी आणि देव करो नि बुधवार लवकर येवो असं म्हणे.

आमच्या गावाच्या उत्तरेला, रस्ता सातपुड्याला लागतो तिथे नाल्याच्या वर एक कडा आहे. कड्यावर पांढरे ओघळ दिसतात. ते विष्ठेचे. तिथे गिधाडं राहत. आप्पा त्यांना गिधाडं म्हणत नसत. तो शब्द घरात उच्चारला की लोक तोंड वाकडं करतात, म्हणून ते "पंच" म्हणत. मेलेल्या ढोराभोवती ती माना आत ओढून, गंभीर चेहऱ्याने बसतात, पंचनाम्याला बोलावलेल्या माणसांसारखी. दर रविवारी सकाळी आप्पा काठी टेकत नाल्यापर्यंत जात, समोरच्या टेकाडावरच्या सपाट खडकावर बसून पंच मोजत आणि परत येताना दुकानाच्या दारात थांबून आकडा सांगत. मी विचारलेलं नसे.

"सात."

"बरं, आप्पा."

"मांगला रविवार बी सात व्हतात."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे माई म्हणतो. माई मागच्या खोलीतून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, "यासले आपला घरमा कितला माणसं जेवनात ते ठाऊक नही. पंच मातर बराबर मोजतस."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे बसलेले. सासुरवाडीकडची, कोरीटची सगळी मंडळी होती. मुलाकडचे नाशिकहून आलेले. पेढे फिरत होते. आप्पा गमबूट दारात काढून आत आले, चेहरा उजळलेला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लायसन, पंचसना घर पोऱ्या व्हयना!"

मुलाच्या आईने आनंदाने विचारलं, "कोणाकडे हो?"

"वर कड्यावर. गिधाडसना."

माझी मावससासू उठून आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. व्याह्यांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. मुलगी मात्र अजून सासरी हा किस्सा सांगते.

हेच ते दुसरं नाव, गिधाडआप्पा. ते आप्पांना ठाऊक होतं.

कोणाचं ढोर मेलं की आप्पा भेटायला जात. आधी बसत. पाणी पीत. जनावराचं नाव विचारत, कुठल्या बाजारातून आणलं होतं, किती दिवाळ्या घरात झाल्या, हे सगळं विचारत. लोक बोलत, एखादा डोळे पुसे. मग आप्पा हळूच विचारत, "शेवटला दिन काय टोचं व्हतं?" उत्तर देताना माणूस जरा अडखळला की आप्पा म्हणत, "मंग पुरी टाकू." आणि माणसं नसली तर स्वतः कुदळ घेत. लोकांना हे लागे. बैल पुरायचा तो मानाने, शेतात, हळद-कुंकू लावून. इथे हा माणूस चोरी पकडल्यासारखा पुरायला लावतो. शिवाय खडकाळ जमिनीत बैलाएवढा खड्डा म्हणजे चार माणसांचा अर्धा दिवस. तरी बहुतेक जण खणत. आप्पा खड्ड्याच्या काठावर उभे राहून कोणाला काही बोलत नसत, म्हणून खणत असावेत.

ते स्वतःच्या गुडघ्यांसाठी माझ्याकडून त्याच अँप्युल घेत. दोन. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "आप्पा, तुम्हाला चालतं का हे?"

"मी मरसू तं माले जाळतीन. तठे पंच थोडाच येतीन."

आणि ते खरंच जाळले गेले. आता दोन वर्षं होत आली. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं.

हिवाळ्यात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. आमच्या गावाबाहेरच्या पडीक रानात ऊसतोडीचे कोप पडतात. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांना आम्ही कोप म्हणतो. त्या वर्षी नवापूरकडच्या डोंगरातली काही कुटुंबं होती. त्यातला दाविद नावाचा गाडीवान माझ्या दुकानात बाम घ्यायला येई. हळू बोलणारा, तिशीतला माणूस. त्याची गाडी ओढायला दोन बैल होते, आणि ते दोन बैल होते म्हणूनच त्याला गाडीवर काम होतं.

आप्पा तेव्हा धुळ्याला गेले होते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना स्टूल त्यांनी उचलून दुकानाच्या आत ठेवलं आणि म्हणाले, "चार दिन तू बठ."

मी स्टुलावर बसलो नाही. पण अट पाळली. पहिल्या दोन दिवसांत चार चिठ्ठ्या आल्या. दाविद, त्याची बायको, त्याचा भाऊ, भावजय. चौघांची कंबरदुखी, चौघांना दोन-दोन अँप्युल. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना शंका आली नाही, मलाही आली नाही. ऊस तोडणाऱ्या माणसाची कंबर दुखते यात संशय घेण्यासारखं काय आहे? मी कोणाला चालून दाखव म्हणालो नाही. मला लाज वाटली असती. मी दोन दिल्या, दोन दिल्या, दोन दिल्या, दोन दिल्या. नियम माझ्या हातून चार वेळा अक्षरशः पाळला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॅक्टर मागे मेलेला बैल ओढत दुकानावरून उत्तरेकडे गेला. मी पाहिला. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी इंजेक्शनचा खण मोजतो, रोज. दोन दिवसांत डायक्लोफेनॅक आठने कमी. चिठ्ठ्या काढल्या. चारही एकाच कोपातल्या. आठ त्रिक चोवीस. चोवीस मिली म्हणजे एका बैलाचा डोस आणि थोडा जास्तीचा. मी चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या, जणू बेरीज बदलेल.

आठ वर्षांत मी भरदुपारी शटर ओढलं नव्हतं. त्या दिवशी ओढलं.

मोटारसायकल नाल्याच्या अलीकडे टाकून मी मेलेली ढोरं टाकतात तिथे पळालो. बैल पांढरा होता. कुत्र्यांनी पोट उघडलं होतं. तीन गिधाडं त्यावर होती. इतक्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. माणसाच्या कमरेएवढी उंच. आत घातलेल्या माना बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला, का कोण जाणे, माफी मागावीशी वाटली. मग मी ढेकळं मारली. ती जड पळत गेली आणि उडाली. वर आणखी दोन घिरट्या घालत होती. मी बाभळीची फांदी मोडली आणि बैलाजवळ उभा राहिलो. वास सांगत नाही. शेळ्या घेऊन एक बाई चालली होती, तिला म्हणालो, कोपावर जा आणि दाविदला सांग, कुदळी-फावडी घेऊन ये, मेडिकलवाला बोलावतोय.

तो यायला तासाच्या वर गेला. बरोबर त्याची बायको आणि भाऊ. दाविदला वाटलं मी पोलिसात जाणार. तो लांबच उभा राहिला.

मी विचारलं, "आठही यालाच टोचल्या?"

"हो भाऊ. गुरांचा दवाखाना बंद होता, सुट्टी होती. रात्रभर उभा राहत नव्हता. खाली बसला की ओरडायचा." थांबून म्हणाला, "तुमच्याकडे एकाला दोनच मिळतात ना."

"म्हणून चौघं आलात."

"हो."

"आणि कंबर दुखते म्हणालात ते?"

त्याची बायको म्हणाली, "कंबर तर दुखतच होती, भाऊ. माझी दुखते, यांची दुखते. पण त्याचं जास्त होतं."

त्यांनी स्वतःच्या अंगाला हवं असलेलं औषध बैलाला दिलं होतं, आणि तो तरीही गेला होता. मी त्यांना गिधाडांचं सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. दाविदने कड्याकडे पाहिलं. "हे नव्हतं माहीत," म्हणाला, आणि कुदळ उचलली. आम्ही चौघांनी खणलं. माझे हात दुकानदाराचे. सहा फोड आले, चार फुटले. सूर्य टेकला तेव्हा बैल पूर्ण झाकला गेला होता. वर दगड रचले, कुत्र्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने आप्पा आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीच धूसर. माईंनी हाताला धरून उतरवलं. मी त्यांना घरात जाऊ दिलं, पाणी पिऊ दिलं, आणि मग सगळं सांगितलं. आकड्यांसकट. माझ्याकडून आठ गेल्या, हेही.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बठेल कितला व्हतात?"

"तीन."

"कितला वखतपाईन खाई ऱ्हायनात?"

"ते मला माहीत नाही, आप्पा. मी पोचलो तेव्हा होती."

मग आप्पांनी काठी घेतली. माई म्हणाल्या, डॉक्टरने धुळीत जायला मनाई केली आहे. ते म्हणाले, "धूळ पट्टीवर बठी. आत कशी जाई?" मी मोटारसायकल काढली.

कोपावर गेल्यावर आप्पा दाविदच्या झोपडीसमोर जमिनीवर बसले. दाविदने पाणी आणलं, ते प्यायले. "नाव काय व्हतं त्यानं?"

"हिऱ्या."

"कोठला बाजारना?"

दाविद सांगू लागला. वासरू असताना आणला होता, बाजारातून नाही, मामाकडून. माणसं ओळखायचा. प्रार्थनेला दाविदच्या मागे चर्चपर्यंत यायचा आणि बाहेर उभा राहायचा. आप्पा ऐकत होते. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, उत्तर आधीच माहीत होतं. मग उठून दुसऱ्या बैलाजवळ गेले, त्याचा मागचा पाय हाताने चाचपला. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, हात बघत होता. तोही लंगडत होता. पिशवीतून त्यांनी मेलॉक्सिकॅम काढलं, भरलं, टोचलं आणि रिकामी बाटली दाविदच्या हातात ठेवली. "हाई नाव वाच. दुखनं उनं तं हाईच मांगजो. मन्हाकडे नसनं तं या लायसनकडे ऱ्हाई." मग माझ्याकडे वळून, "ऱ्हाई ना रे?"

माझ्या दुकानात तोवर जनावरांचं औषध नव्हतं. "राहील," मी म्हणालो. आता असतं.

परतताना ते म्हणाले, जरा थांब. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. समोरून ऊस भरलेल्या गाड्या जात होत्या, बैलांच्या तोंडाला फेस.

"नोकरीमा असताना," आप्पा म्हणाले, "सगळा लोक काय म्हनेत ठाऊक शे? आप्पाना हात लागना का बैल उभा. आनि व्हये बी उभा. दुखनं थांबे ना. मी तेच टोचे."

तेच म्हणजे डायक्लोफेनॅक.

"तव्हय बंदी नव्हती. सरकारच दे माले. पेटी भरीसन. दिनना दहा, बारा. बैल कधी उभा राहे, कधी मरे. मेला का त्याले तठेच फेकेत. तव्हय तठे शंभरावर पंच येत, लायसन. झाडं वाकेत. मंग कमी व्हयनात, मंग आनखी कमी. माले वाटे, कथा गयात? मी लोकसले इचारू, पंच कथा गयात?"

दिवसाला दहा-बारा. नोकरीची वर्षं मला माहीत होती. मी मनात गुणाकार सुरू केला आणि थांबवला.

"तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा."

"माले ठाऊक नव्हतं. कोनलेच ठाऊक नव्हतं." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, नोकरीत असताना सुई लावण्याआधी धरत असतील तसे. "पन हात तं मन्हाच व्हता."

मला त्या माणसाचं आठ वर्षांचं स्टूल तेव्हा कळलं. मी मोटारसायकलला किक मारली आणि ते मागे बसले.

ते औषध पोटात गेलं की पक्षी दोन-तीन दिवसांत मान टाकतो, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून बैल पुरल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी आम्ही टेकाडावर गेलो. रविवार नव्हता. थंडी होती, उजेड स्वच्छ होता. सपाट खडकावर आप्पा बसले आणि त्यांनी चांगल्या म्हणायच्या डोळ्याने कड्याकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला मान फिरवून बघितलं.

"माले नुसती भित दिखस," ते म्हणाले. "तू मोज."

मी मोजायला लागलो. मेडिकलच्या खणात वस्तू हलत नाहीत. ही हलतात. एक कपारीत असतं, एक दुसऱ्यामागे बसतं. मी डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली. पाच. मग एक डोंगरामागून संथ तरंगत आलं आणि ओघळांच्या वरच्या टोकाला बसलं. सहा. ऊन कड्याच्या तळापर्यंत उतरेतो मी थांबलो. तळाच्या दगडांत काही पडलेलं आहे का तेही पाहिलं. झुडपं होती, नीट दिसलं नाही. आणखी अर्धा तास गेला. आप्पांच्या हिरव्या पट्टीखालून पाणी येत होतं. ते ऑपरेशनचं असेल.

आप्पांचा शेवटचा आकडा सातच होता; सात म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांना दिसत नव्हतं, दुसरं कोणी तिथे नव्हतं. डोळा बरा व्हायला महिना लागला असता, आणि महिन्यात काय वाटेल ते घडलं असतं. एक पक्षी उडून दुसऱ्या डोंगरावर गेला असता. म्हाताऱ्या माणसाला एक महिना मिळाला असता.

"कितला?"

"सहा, आप्पा."

त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

"बराबर?"

"तीन वेळा मोजलं. सहाच."

खाली नाल्यात शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. मग ते म्हणाले, "तू सात सांगी देता तं मी खुशीमा घर जाता." आणि मग, "पन उद्या मी कोनले इचारता?"

ऊन चढायला लागलं तसे आम्ही निघालो. उतरण मुरमाची, पायाखालचे दगड सुटे. चढताना त्यांनी माझा हात धरला नव्हता, उतरतानाही धरला नाही. म्हणाले, तू पुढे चाल आणि सांग. मी पुढे झालो. सुटा दगड आला की मी "दगड" म्हणायचो आणि मागून ते "हं" म्हणायचे आणि पाय दुसरीकडे टाकायचे. खाली पोचेपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं.